मागच्या रांगेत कोण बसणार?

"गाडी कशी आहे हो?" गेली तीन वर्षे हा प्रश्न मला कुठे ना कुठे भेटतोच. कर्जत स्टेशनवर सकाळच्या लोकलची वाट बघताना, ऑफिसात जेवणाचा डबा उघडताना, रविवारी विहाराच्या पायरीवर चपला काढताना. मी "चांगली आहे" म्हणतो आणि विषय बदलतो. कारण या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा प्रश्न उभा असतो. तो तोंडावर कुणी विचारत नाही, पण मला ऐकू येतो. एक साधा क्लार्क, त्यात चळवळीत वावरणारा माणूस. याला तीन रांगांची, सात जणांची, चामडी सीटची एवढी मोठी गाडी हवी कशाला?

आज दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकदाच लिहून टाकतो. गाडीचे नाव मात्र लिहीत नाही. हा लेख जाहिरात नाही आणि तक्रारही नाही. सात जणांच्या बहुतेक गाड्यांना लागू पडेल असेच मी लिहिणार आहे.

आधी गाडी का घेतली ते सांगतो. आम्ही दहिवलीचे. उल्हास नदी जवळ, कर्जत स्टेशन जवळ, म्हणून रोजच्या नोकरीला गाडी लागत नाही. मुंबईला जायला लोकल आहे, पुण्याकडे जायला रेल्वे आहे. घरात माणसे सात. आई, मी, माझी पत्नी, आमची कॉलेजात जाणारी मुलगी, धाकटा भाऊ, त्याची पत्नी आणि त्यांचा शाळेत जाणारा मुलगा. वडील होते तेव्हा दरवर्षी २० मार्चला महाडला जायचे हे ठरलेलेच. कधी एसटीने, कधी वस्तीतल्या दहा-बारा जणांनी मिळून केलेल्या जीपने. वडील गेले आणि त्यानंतर आईचे गुडघे गेले. एसटीची पायरी तिला चढवेना. भाड्याच्या जीपमध्ये मागच्या आडव्या बाकावर बसायची तिच्यात ताकद उरली नव्हती. एकदा आम्ही दोन रिक्षा करून लग्नाला निघालो. अर्धे घर वेळेवर पोहोचले आणि अर्धे घर अक्षता पडल्यावर. आई त्या दिवशी काही बोलली नाही. फक्त पुढच्या वर्षी २० मार्चला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घर राखते."

हे "घर राखते" मला फार लागले. भाऊ आणि मी त्या रात्री ओट्यावर बसून हिशेब मांडला.

आपल्याकडे मोठे कुटुंब एकाच गाडीतून नेण्याची सोय जुनी आहे. १९९४ साली टाटा सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवलेले. मागे समोरासमोर आडवे बाक, दहा माणसे सहज. २००० साली क्वालिस आली, २००२ साली नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली, २००५ साली इनोव्हा आली. लग्नाची वऱ्हाडे, मोर्चे, सभा, रुग्ण, सगळे या गाड्यांनी वाहिले. मग २०११ साली चाकणहून एक्सयूव्ही ५०० आली आणि तिसरी रांग असलेली गाडी ही नुसती ओझ्याची गाडी राहिली नाही. गार हवा, मऊ सीट, पडद्यावर नकाशा असा थाट तिच्यात आला. २०२१ साली एक्सयूव्ही ७०० आणि नव्या रूपातली सफारी आली. पहिली सुमो मात्र २०१९ साली बंद झाली. म्हणजे आडवा बाक गेला आणि आरामाची सीट आली. पण रांग तिसरीच राहिली. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष गेले. ती पुढे सांगतो.

नवी गाडी आमच्या आवाक्याबाहेर होती. कारखान्याच्या किमतीवर त्या वेळी अशा मोठ्या गाड्यांना २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर होता. म्हणजे शंभराच्या गाडीला पन्नास रुपये सरकारचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाला. पण आम्ही घेतली २०२२ च्या ऑक्टोबरात, आणि तीही वापरलेली. सहा वर्षांची, डिझेलची, किंमत ७ लाख २५ हजार.

जुनी गाडी घेताना आम्ही काय पाहिले ते सविस्तर लिहितो, कारण आपले बरेच बांधव जुनीच गाडी घेतात आणि दलालाच्या गोड बोलण्यावर विसंबतात. जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले, चिपळूण बुडाले, आमच्या कर्जतमध्येही पाणी घुसले. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. म्हणून आम्ही प्रत्येक सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग सापडतो. पायाखालचा गालिचा उचलून पत्र्याचा गंज पाहिला, सीट ज्या पट्टीवर सरकते ती पट्टी पाहिली. सर्व्हिसची पुस्तिका मागितली आणि मीटरवरचे किलोमीटर तिच्याशी ताडून पाहिले. गाडीवर दंडाची किती चलाने बाकी आहेत ते मोबाइलवर बघितले. आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा उतरला आहे का, हे आरसी पुस्तकावर वाचले.

कागदांच्या बाबतीत माझा क्लार्कचा स्वभाव कामी आला. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, बोजा उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र. दलाल म्हणत होता, "सह्या करून ठेवा साहेब, नाव नंतर चढेल." मी ऐकले नाही. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नाव चढेपर्यंत गाडीखाली कुणी आले तर पहिली नोटीस जुन्या मालकाला जाते आणि विम्याचे पैसे मिळायला अडचण येते. मी पनवेलच्या दोन खेपा घातल्या, रजा खर्ची घातल्या, पण नाव चढवूनच थांबलो.

आता पैशाचा हिशेब. बी.कॉम. झालेल्या माणसाने तो लपवू नये. आम्ही दोघा भावांनी निम्मे निम्मे करून २ लाख ७५ हजार रोख भरले. उरलेल्या साडेचार लाखांचे कर्ज काढले. व्याज ११ टक्के, मुदत पाच वर्षे, महिन्याचा हप्ता ९,७८४ रुपये. पाच वर्षांत साडेचार लाखांवर १ लाख ३७ हजार रुपये नुसते व्याज जाते. वर्षाला आमची गाडी सुमारे ९,००० किलोमीटर चालते. घाट, गाव, हायवे सगळे धरून लिटरला बारा किलोमीटर देते. म्हणजे वर्षाला साडेसातशे लिटर डिझेल. लिटरला नव्वद रुपये धरले तर ६७,५०० रुपये. विमा २२,०००. सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्ती १८,०००. टायर चार वर्षांनी बदलायचे म्हणून दरवर्षी ९,००० बाजूला. हप्त्याचे १ लाख १७ हजार. सगळे मिळून २ लाख ३३ हजारांच्या वर. भागाकार केला तर किलोमीटरला २६ रुपये पडतात. सुरुवातीला भरलेली रोख आणि दरवर्षी उतरणारी गाडीची किंमत यात धरलेलीच नाही.

यापूर्वी आम्ही भाड्याने गाडी करायचो तेव्हा किलोमीटरला अठरा-वीस रुपये देत होतो. म्हणजे हिशेबाने पाहिले तर भाड्याची गाडीच स्वस्त. हे मी मोकळेपणाने लिहितो. कुणी "गाडी म्हणजे बचत" असे सांगत असेल तर त्याने वही काढून दाखवावी. ज्यांच्या मुलांची फी अजून भरायची आहे, ज्यांच्या डोक्यावर घराचे छप्पर गळते आहे, त्यांनी कर्ज काढून अशी गाडी घेऊ नये. आमच्या मुलीच्या फीचे पैसे आधी बाजूला काढूनच आम्ही पुढे गेलो. तरीही पहिल्या वर्षी दोन वेळा हप्त्याच्या तारखेला मला भावाकडे हात पसरावा लागला आणि एकदा त्याला माझ्याकडे.

मग मिळाले काय? गाडी चांगली आहे, यात शंका नाही. उंच आहे. दाराखाली पायदान बसवून घेतले, त्यामुळे आई एका हाताने मूठ धरून, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवून स्वतः चढते. चढली की तिची नजर रस्त्याच्या वर असते. पावसाळ्यात दहिवलीच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून पोट न घासता निघते. खंडाळ्याच्या घाटात सात माणसे आणि सामान घेऊनही दमत नाही. एसी लावला की मे महिन्यातला कर्जतचा उकाडा दाराबाहेर राहतो. गल्लीत वळवताना मात्र घाम फुटतो. मागे बघायचा कॅमेरा नसता तर शेजाऱ्यांची तुळशीवृंदावने आणि आमचे संबंध दोन्ही राहिले नसते. सात जण बसले की मागे सामानाला जागा उरत नाही. दोन पिशव्या आणि पाण्याचा कॅन, बस्स. सामान न्यायचे तर मागची रांग दुमडा, माणसे न्यायची तर सामान मांडीवर घ्या. दोन्ही एकदम होत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्यावे.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. सात माणसे बसली की गाडीवर चारशे-साडेचारशे किलो वजन वाढते. ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर लागते. टायरमध्ये हवाही जास्त लागते. किती लागते ते ड्रायव्हरच्या दाराजवळ चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेले असते, दोन माणसांसाठी वेगळे आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे. आम्ही ती पट्टी सहा महिन्यांनी वाचली.

गाडी आली आणि ती वस्तीची झाली. हे होणारच होते. २०२३ च्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास दार वाजले. वस्तीतल्या एका सुनेला कळा सुरू झालेल्या. जवळच्या रुग्णालयाने मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितले होते आणि रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर गेलेली. मधल्या रांगेवर तिला आडवी केली, तिची सासू आणि माझी पत्नी मागच्या रांगेतून पुढे वाकून तिला धरून बसल्या. पाऊस इतका की काच पुसणारे दांडे हरले. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा बाप हातात पाचशेच्या दोन नोटा घेऊन दारात उभा राहिला. मी घेतल्या नाहीत. तो रडला, मीही रडलो.

पण त्यानंतर दारावरची थाप वाढली. लग्नाला नवरदेव आणायचा, व्याख्यात्यांना स्टेशनवरून आणायचे, कुणाच्या निवडणुकीचा प्रचार. मला नाही म्हणता येईना. सहा महिन्यांनी पत्नीने डिझेलच्या पावत्या माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाली, "समाजाचं काम करा, मी कधी अडवलं नाही. पण हप्ता कोण भरतं, ते समाजाला माहीत आहे का?" मग तिनेच एक वही केली आणि गाडीच्या पुढच्या खणात ठेवली. तारीख, कुठे, कशासाठी, किती किलोमीटर. नियमही तिनेच घातले. रुग्ण आणि परीक्षेचे विद्यार्थी, केव्हाही, पैशाचा विषय नाही. लग्नाची वरात आणि निवडणूक, कधीच नाही. भाडे तर कुणाकडूनच नाही, कारण आपली पाटी पांढरी आहे. भाडे घेऊन खाजगी गाडी चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. ती वही आजही चालू आहे. एका संस्थेचा जमाखर्च मी दहा वर्षे लिहितो, पण इतका चोख हिशेब मला जमला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

२०२४ च्या २० मार्चला आम्ही सातही जण महाडला निघालो. मी रजा टाकली, भावाने सुट्टी घेतली. वडील गेल्यानंतर आई पहिल्यांदाच चालली होती. आदल्या रात्री तिने पांढरे लुगडे घडी करून उशाशी ठेवले. पहाटे पाचला निघालो. पळसदरी, खोपोली, तिथून पालीचा रस्ता, वाकणला मुंबई-गोवा हायवे, मग कोलाड, माणगाव, लोणेरे, महाड. भाऊ चालवत होता, मी त्याच्या शेजारी. मधल्या रांगेत आई, मुलगी आणि पुतण्या. मागे आमच्या दोघांच्या बायका आणि डब्याच्या पिशव्या. कुणी असे ठरवले नव्हते. गाडी आली त्या पहिल्या दिवसापासून असेच बसत आलो होतो. पुरुष पुढे, आईचे गुडघे म्हणून ती मध्ये, मुलांना खिडकी हवी म्हणून मुले मध्ये. उरले कोण? दोन सुना.

वाटेत आम्ही गाडीचे गुणगान गात होतो. भाऊ म्हणाला, "बसल्याचं कळतसुद्धा नाही." मी म्हणालो, "विमानात बसल्यासारखं वाटतं." मागून कुणी काही बोलले नाही. मागून फक्त चपात्यांचा डबा पुढे आला.

महाडला पोहोचलो तर रस्ते निळ्या झेंड्यांनी भरलेले. गाडी लांब उभी करावी लागली. मागचे दार उघडले आणि मधली सीट दुमडून दोघी बाहेर आल्या. माझ्या पत्नीचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातात गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. पालीच्या वळणावर तिला उलटी झाली होती, दोनदा. आम्हाला कळलेही नव्हते. "सांगितलं का नाहीस?" मी विचारले. ती म्हणाली, "उशीर झाला असता."

चवदार तळ्याच्या काठावर आईला सावलीत बसवले. १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले ते हे तळे. आईने हात जोडले, डोळे पुसले. मग आम्हा दोघा भावांना जवळ बोलावले. मला वाटले वडिलांची आठवण काढील. ती म्हणाली, "आरं पोरांनो, तुमचा बाप जीपला लटकत यायचा, पन मना आत बसवायचा. तुमची गाडी येवढी मोठी. तिच्यात दोन मानसं मागं टाकलेली असतात आन् ती बोलत नाय म्हनून तुमाला विमान वाटतं."

मी खाली बघत राहिलो. जिथे आम्ही बसलो होतो, तिथे मला ती बैलगाडी आठवली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिले आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार. वाटेत त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली चाळीसगावला हाच प्रकार. बॅरिस्टर झालेल्या माणसाला टांगेवाला नेईना. टांगा मिळाला पण टांगेवाला नाही. न येणाऱ्या माणसाने तो हाकला, पुलाजवळ अपघात झाला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. गाडीत कोण कुठे बसतो, कोण हाकतो, कोण पायी चालतो, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही. व्याख्यानात मी ही उदाहरणे किती वेळा दिली असतील! आणि माझ्याच गाडीत जागा वाटताना मी काय केले? कुणावर अत्याचार केला असे नाही. पण विचारले नाही. न विचारता ज्याची जागा ठरते, तो मागेच बसतो.

परतीच्या वेळी आई गाडीपाशी उभी राहिली आणि चढेना. म्हणाली, "थोरली पुढं बसंल. तू मागं." भाऊ चालवणार होता, म्हणून त्याची सुटका झाली. धाकटी मुलीजवळ मध्ये बसली. पुतण्या आणि मी मागे.

तीन रांगांच्या गाडीचे खरे परीक्षण मी त्या दिवशी केले. मागची सीट जमिनीला जवळ, त्यामुळे गुडघे छातीपर्यंत येतात. मांडीला खालून आधार नाही. सीट मागच्या चाकांवर येते, म्हणून पुढच्यांना जिथे हलकासा हेलकावा लागतो तिथे मागच्याला दणका बसतो. समोर मधल्या सीटच्या उशा, त्यामुळे रस्ता दिसत नाही. गाडी वळते ते पोटाला कळते पण डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच मळमळते. पुढे एसी चारवर असला तरी मागे येईपर्यंत वारा दमलेला असतो. पुढे काय बोलणे चालले आहे ते निम्मे ऐकू येते. हसले की आपण उगाच हसायचे. माणगाव येईपर्यंत माझ्या कमरेने हात टेकले. पुतण्या म्हणाला, "काका, काकू रोज इथेच बसते ना?"

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. मी पट्टा लावायला हात मागे घातला तर पट्टा होता, पण तो अडकवायचे कुलूप सापडेना. चाचपून पाहिले. सीटला आम्ही रेक्झीनची कव्हरे बसवून घेतली होती, दिसायला छान दिसावीत म्हणून. मागच्या रांगेची पट्ट्याची कुलुपे त्या कव्हराखाली गाडली गेली होती. दीड वर्ष! दीड वर्ष आमच्या घरातल्या दोन बायका पट्ट्याविना प्रवास करत होत्या. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघेही गेले. त्यानंतर महिनाभर सगळीकडे मागच्या पट्ट्याची चर्चा होती. गाडी घेताना आम्हीही ती केली होती. पूर आला होता का हे बघायला पट्टे ओढूनही पाहिले होते. पण नंतर कव्हरे बसवली आणि मागे कुणी पाहिलेच नाही. मागच्या माणसाच्या डोक्यामागे डिकीची काच किती जवळ असते, ते मी त्या दिवशी हाताने मोजले. वीतभरही नाही.

कोलाडला गाडी थांबवायला सांगितली. भाजी कापायच्या सुरीने कव्हर कापले आणि कुलुपे बाहेर काढली. हजारो रुपयांचे कव्हर. भाऊ काही बोलला नाही. पत्नीने सुरी पुसून परत पिशवीत ठेवली.

त्या दिवसापासून आमच्या गाडीचे नियम ठरले. वहीच्या मागच्या पानावर मुलीने ते लिहून ठेवले आहेत. मागची रांग पाळीने. आई सोडून कुणालाही सूट नाही. ज्याला गाडी लागते तो पुढे. सातही पट्टे लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. घाटात दर तासाला थांबायचे आणि थांबायची वेळ मागचा माणूस सांगणार. आठवे माणूस घ्यायचे नाही. हा नियम फार जड गेला, कारण आत्या राहायला आली की ती आठवी होते. तेव्हा आमच्यापैकी एक जण लोकलने किंवा एसटीने जातो. बहुतेक मीच. खरे सांगतो, कर्जत लोकलच्या खिडकीत बसून एकट्याने जाण्यातही सुख आहे.

पत्नीने त्याच वर्षी गाडी शिकायला सुरुवात केली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. शिकवणीच्या छोट्या गाडीवर शिकली आणि मग आमच्या धुडावर बसली. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी सगळी वस्ती जमलेली. कुणी हसले, कुणी "वहिनी, जपून" म्हणाले. तिने लायसन्स काढले. २०२५ च्या जानेवारीत तिने आम्हाला देहू रोडला नेले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी जिथे बुद्धमूर्ती बसवली, ते विहार आईला बघायचे होते. खंडाळ्याच्या घाटात ती चालवत होती, जाऊबाई शेजारी नकाशा सांगत होती, भाऊ आणि मी दोघेही मागे गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. आईने मान वळवून आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "कशी हाय रं गाडी?"

भाऊ म्हणाला, "बसल्याचं कळतंय."

सगळे हसले. मागे नीट ऐकू आले.

तर आता उत्तर देतो. गाडी कशी आहे? पुढच्या रांगेतून फार चांगली, मधल्या रांगेतून चांगली आणि मागच्या रांगेतून सहन होण्यासारखी. परवडते का? हिशेबाने नाही. चळवळीतल्या माणसाने घ्यावी का? हप्ता प्रामाणिक पैशाचा असेल, मुलांचे शिक्षण थांबत नसेल आणि रात्री दोनला वाजणारे दार उघडायची तयारी असेल, तर त्याने लाजू नये. आपल्या आयांनी गुडघे झिजवून आपल्याला इथवर आणले. त्यांना मऊ सीटवर बसवण्यात अपराध नाही.

पण तुम्ही गाडी घ्यायला शोरूममध्ये जा किंवा दलालाकडे जा, एक गोष्ट करा. विक्रेता तुम्हाला पुढच्या सीटवर बसवील, पडदा दाखवील, गाणे लावील. तुम्ही आधी मागच्या रांगेत जाऊन बसा. दार लावून घ्या. पट्टा लावून बघा. आणि पंधरा मिनिटे गाडी फिरवून आणायला सांगा. मग घरी जाऊन विचारा की इथे कोण बसणार. ज्याचे नाव सगळ्यांच्या तोंडी आधी येईल, त्याला तुम्ही कधी विचारले होते का, एवढे मात्र आठवून पाहा.

आमच्या हप्त्याची दोन वर्षे अजून बाकी आहेत. येत्या २० मार्चला महाडला जायचे आहे. पाळीप्रमाणे मागे मी.